गाठीचा शेजार

देवरे मॅडमना कुणी नवं घर दाखवायला नेलं, की त्या घर सोडून बाकी सगळं बघत. मी इंदिरानगरला फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांना घेऊन गेले. बिल्डरचा माणूस ओटा दाखवत होता, नळ सोडून दाखवत होता, बाल्कनीत उभं राहून डोंगर दाखवत होता, आणि मॅडम दारातूनच गायब. शोधायला बाहेर आले, तर समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून तिथल्या काकूंशी पाण्याच्या वेळेवर त्यांच्या गप्पा रंगलेल्या. तिथून त्या वरच्या मजल्यावर गेल्या, मग खाली वॉचमनकडे. बऱ्याच वेळानं परत येऊन म्हणाल्या, "घे. वरचा मुलगा तबला शिकतोय, तेवढं सोस." मी म्हटलं, "अहो, पण घर कुठे बघितलंत?" त्यावर माझ्याकडे दया आल्यासारखं बघून म्हणाल्या, "घर काय बघायचं? भिंतीला रंग मारता येतो. शेजाराला येतो का?"

हे त्यांचं शेजारप्रकरण नुसतं घरापुरतं नव्हतं. ते त्यांचं शास्त्रही होतं आणि स्वभावही. आम्ही दोघी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे लोकांना वाटतं तसं फक्त रक्त-लघवी तपासणाऱ्या नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला शरीराचा तुकडा आमच्याकडे येतो, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर चढतात, आणि ते मायक्रोस्कोपखाली बघून गाठ साधी की कॅन्सरची हे आम्ही सांगतो. पेशंट आम्हाला ओळखत नाही, आम्ही पेशंटला ओळखत नाही. गंगापूर रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर मॅडमची लॅब होती आणि शिक्षण संपवून मी तिथे त्यांच्या हाताखाली लागले.

आमच्या मायक्रोस्कोपला दोन तोंडं होती. एकाला त्या डोळे लावायच्या, दुसऱ्याला मी, आणि काच सरकवायचं चाक मात्र त्यांच्या हातात. पहिल्याच दिवशी मला बोट लागल्यासारखं मळमळायला लागलं, कारण बाई गाठीकडे जातच नव्हत्या. काचेच्या अगदी कडेनं निघायचं, चरबी बघायची, रक्तवाहिन्या बघायच्या, मधल्या धाग्यांच्या जाळ्यात रेंगाळायचं. मला मेलीला कधी एकदा मधली गाठ बघते असं झालेलं. शेवटी न राहवून म्हटलं, "मॅडम, कॅन्सर तिकडे आहे. मधोमध." चाक न थांबवता त्या म्हणाल्या, "तो कुठे पळून जातोय? आधी गल्ली बघ."

मॅडम सटाण्याच्या. नाशिकला सगळं आयुष्य काढून, इंग्रजीत रिपोर्ट लिहून, कॉन्फरन्समध्ये फर्डं भाषण ठोकून झालं, तरी मायक्रोस्कोपला डोळे लागले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. काही महत्त्वाचं दिसलं की हाक यायची, "आठे ये व माय." म्हणजे, इकडे ये गं बाई. मी डोळे लावले की प्रश्न, "आजूबाजूले कोण शे?" आणि मी घाईघाईनं गाठीचं नाव घेतलं की ठरलेलं वाक्य, "गाठ एकली ऱ्हास नही." गाठ कधी एकटी राहत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझ्या तोंडूनही ते अहिराणीतच येतं, आणि मी तर साताऱ्याची.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पेशी बिघडते हे खरं. पण शरीरात कुठे ना कुठे रोज एखादी पेशी बिघडतच असते, म्हणून रोज कॅन्सर होत नाही. बिघडलेल्या पेशीला वाढायचं तर आजूबाजूच्यांना हाताशी धरावं लागतं. रक्तवाहिन्यांना फाटे फोडून आपल्या दारात आणायच्या. धागे विणणाऱ्या पेशींना भोवती कुंपण घालायला लावायचं. आणि पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशींना असं काही भुलवायचं, की त्यांनी समोर चोर दिसत असून हाताची घडी घालून बसावं. "हे सगळं जमलं तर ती गाठ," मॅडम म्हणायच्या, "नाही तर ती नुसती वाया गेलेली पोर. चार दिवस उंडारेल आणि मरेल."

आणि गाठीचं खाणं! त्या विषयावर आल्या की मॅडम एखाद्या खडूस सासूनं सुनेची उधळपट्टी सांगावी तशा सांगायच्या. चांगली पेशी साखर घेते, प्राणवायूवर नीट जाळते, थोडक्यात पुष्कळ भागवते. कॅन्सरची पेशी बकाबका साखर गिळते आणि हवा मुबलक असली तरी पुरती जाळत नाही. तिला नुसती ऊर्जा नको असते, नव्या पेशी बांधायला मालमसाला हवा असतो. तो तेवढा काढून घ्यायचा आणि उरलेलं आम्ल बाहेर ओतून द्यायचं. "सगळी गल्ली आंबट करून टाकते बया," मॅडम वैतागून म्हणायच्या. त्या आंबटपणात पहारेकरी पेशी लुळ्या पडतात आणि गाठीला पाय पसरायला वाट मिळते. घाण करणारीला त्या घाणीचाच फायदा होतो, याचा त्यांना मनापासून राग होता.

त्यांचा हा शेजारसिद्धान्त प्रत्यक्षात नेहमी खरा ठरे असं मात्र नाही. स्वतःचं घर त्यांनी असंच मजला न् मजला पारखून घेतलं, आणि त्यानंतर वर्षभरात शेजारच्या सद्गृहस्थांनी निवृत्त होऊन कराओकेचं मशीन आणलं. दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून बेसूर प्रेमगीतं. आम्हाला वाटलं, आता बाईंची जिरली. दोन-चार रविवार त्यांनी सोसलं, मग एके दिवशी उठून त्यांच्याकडे गेल्या आणि दुसरा माइक हातात घेतला. "आता मी त्यांच्याहून बेसूर गाते," त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. "त्यांच्या बायकोनं मशीन माळ्यावर टाकलंय."

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसले, त्या निवृत्ती आण्णांकडे येते. वणीच्या पुढच्या एका गावातले द्राक्षबागायतदार. मानेला गाठी आलेल्या, ताप येऊन जाऊन होता. सुईनं पाणी काढून एकदा तपासलं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. म्हणून सर्जननं एक अख्खी गाठ काढून आमच्याकडे पाठवली. काच लावली. नुसती गर्दी. साध्यासुध्या पांढऱ्या पेशी, लाल दाण्यांच्या पेशी, सगळ्या जातींची जत्रा. मी म्हटलं, "सगळे साधेच दिसतायत."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "एवढे साधे लोक कामधंदा सोडून एका जागी कशाला जमलेत? लग्न आहे का?" चाक हळूहळू फिरत राहिलं. "हे लाल दाण्यांचे बघ. हे आपणहून येणाऱ्यातले नाहीत. यासले कोणी बलायं?" कोणी बोलावलं यांना, एवढंच त्या पुटपुटत होत्या आणि काच कोपऱ्या-कोपऱ्यात सरकत होती. चहा आला, गार झाला. आणि मग एकदम, "आठे ये व माय." त्या जत्रेच्या मधोमध एकच थोराड पेशी होती, पोटात दोन केंद्रं, घुबडासारखी आमच्याकडे टक लावून बघणारी. एक सापडल्यावर मग आणखी दिसल्या. हा लिम्फोमा होता, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि त्यातही असा प्रकार की गाठीत खरी कॅन्सरची पेशी शोधूनच काढावी लागते, बाकी सगळा तिनं गोळा केलेला शेजार. वेळेवर औषध मिळालं तर पुष्कळदा बरा होणारा. आम्ही आणखी तपासण्या करून खात्री केली, रिपोर्ट गेला आणि आमचं काम संपलं.

एरवी ते तिथेच संपतं. पण फेब्रुवारीत, ऐन द्राक्षाच्या हंगामात, केमो सुरू करण्याआधीच्या तपासण्यांसाठी आण्णांचं रक्त आणि लघवी आमच्याकडे आली. सोबत त्यांच्या डॉक्टरांचा फोन. वजन भराभर उतरतंय, असंच चाललं तर हे औषध त्यांना झेपणार नाही, सुरुवात पुढे ढकलावी लागतेय, आणि फार ढकलूनही चालणार नाही. लघवी गडद पिवळी, दाट. साखर अजिबात नाही, पण उपाशी माणसाच्या लघवीत उतरतात ती कीटोन भरपूर. मॅडमनी रिझल्ट बघितला आणि ज्या बाई वर्षानुवर्षं कुठल्या पेशंटला भेटल्या नव्हत्या, त्या बाहेर जाऊन बाकावरच्या माणसासमोर उभ्या राहिल्या.

उंचापुरा माणूस, पण सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. शेजारी त्यांची बायको इंदूबाई, मांडीवर डब्याची पिशवी धरून बसलेली. मॅडम त्यांना आत घेऊन आल्या आणि सरळ विचारलं, "आण्णा, जेवता का?"

"जेवतो की."

"साफ खोटं बोलत्यात," इंदूबाई म्हणाल्या. "मी रोज डबा घेऊन मागं मागं हिंडते. माघारी नेते तसाच."

आण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मॅडम, खरं सांगतो. मोठ्या मशीनमध्ये फोटो काढला ना, त्यात गळ्याशी उजेड पेटलेला मी माझ्या डोळ्यानं पाह्यला. डॉक्टर म्हन्ले, साखरेचं इंजेक्शन दिलं व्हतं, जिथं गाठ हाय तिथं ती साखर ओढून घेती, म्हणून चमकतं. मंग मी म्हन्लं, आपण साखरच तोडायची. भाकर नाय, भात नाय. घरची बाग हाय, पण एक मणी तोंडात टाकला नाय. संक्रांतीला लोकं तिळगूळ घेऊन आली, म्हन्ली गोड बोला. म्हन्लं बोलतो गोड, पण खात नाय."

डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच होतं. फक्त ऐकणारा द्राक्षवाला होता. या लोकांचं निम्मं आयुष्य साखरेच्या मागे जातं. मण्यात साखर कधी भरते, पाणी कधी तोडायचं, सगळं त्यांच्या हातात. जो माणूस वेलीतली साखर पाहिजे तेव्हा थांबवतो आणि पाहिजे तेव्हा चढवतो, त्याला आपल्या अंगातली थांबवणं काय अवघड वाटणार?

"आणि पाणी?" मॅडमनी विचारलं. "पाणी का कमी केलंत?"

आता आण्णा चुळबुळायला लागले. इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी आण्णांनी सदऱ्याच्या खिशातून एक पेनाएवढी जाड नळी काढून टेबलावर ठेवली. द्राक्षवाल्यांकडे असतो तो साखर मोजायचा मीटर. काचेवर मण्याचा रस टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, निळी रेघ जितकी वर तितकी साखर जास्त. "रोज सकाळी," आण्णा खाली मान घालून म्हणाले, "आपलं... लघवीचा थेंब टाकून बघतो. म्हन्लं साखर उतरती का नाय ते कळंल. पण उतरतच नाय, मॅडम. जेवण तोडलं तरी रेघ वर. पाणी तोडलं तर आणखी वर. म्हणून मंग आणखी तोडलं."

मला हसू आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मीटर हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "धुता ना हा?"

"मंग! त्यानंच तर बागंतला माल बघायचा हाय."

त्यानंतर बरेच दिवस मी द्राक्षं खाल्ली नाहीत, हे इथे नमूद करते.

मॅडम उठून आमच्या चहाच्या ओट्याशी गेल्या. परत आल्या तेव्हा हातात अर्धा कप पाणी. त्यातला एक थेंब त्यांनी मीटरच्या काचेवर टाकला आणि मीटर आण्णांना दिला. "बघा बरं, हा माल कसा आहे?"

आण्णा खिडकीपाशी गेले. एक डोळा मिटून त्यांनी मीटर उजेडाकडे धरला आणि त्यांचा चेहराच बदलला. इतका वेळ मान घालून बसलेला माणूस बागायतदारासारखा ताठ उभा राहिला. "बरी हाय की शुगर! आणखी जरा थांबलं तर तोडायला येईल. कुणाचा माल हाय?"

"चव बघा."

आण्णांनी कपात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आरं थू! हे तर मीठ हाय!"

इंदूबाई हसल्या. अगदी मोठ्यानं, पदर बिदर विसरून. आण्णा कधी कपाकडे बघत होते, कधी मीटरकडे. "मीटर खोटं बोलतंय का मंग?"

"मीटर खरं बोलतोय. तो म्हणतो, पाण्यात काहीतरी विरघळलंय. काय विरघळलंय ते त्याला कळत नाही. द्राक्षात साखर असते, म्हणून तुम्हाला वाटतं तो साखर मोजतो. तुम्ही पाणी कमी प्यालात, लघवी दाट झाली, रेघ वर गेली. रेघ वर गेली म्हणून तुम्ही आणखी कमी प्यालात."

आण्णा मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे मी उलटाच चाललो व्हतो." पण द्राक्षवाला हुशार असतो, तो एवढ्यावर मान तुकवत नाही. जरा वेळानं त्यांनी मान वर केली. "पण ती गाठ साखर खाती, हे तर खरंच ना?"

"खरं," मॅडम म्हणाल्या.

दुसरं कुणी असतं तर इथे थाप मारून मोकळं झालं असतं. मॅडमनी त्यांना मायक्रोस्कोपपाशी नेलं, त्यांचीच काच शोधून लावली आणि माझी जागा त्यांना दिली. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग मॅडमनी मागून त्यांची मान धरून नीट केली, आणि आण्णांना काच दिसायला लागली.

"ती दोन डोळ्यांची दिसली? तीच ती."

"एवढीच? आन बाकीची ही सगळी गर्दी?"

"बाकीचे तुमचेच आहेत. तिनं बोलावलेले."

"माझीच माणसं तिला सामील?"

"काही तिच्यासाठी राबतायत, काही फसलेत. आणि हे बघा, हे तिला पकडायला आलेले, पण नुसते बसून आहेत. औषध तिला मारेल, आण्णा. पण या बसलेल्यांनी उठायला हवं, तुमच्या रक्तानं पुन्हा भरून यायला हवं, तुम्ही स्वतः त्या औषधाखाली उभं राहायला हवं. ते काय उपाशीपोटी होणार? तुम्हाला वाटतं, मी जेवलो नाही की ही उपाशी राहील. ही राहत नाही. तुम्ही साखर दिली नाहीत तर तुमचं लिव्हर तुमच्या दंडाचं मांस मोडून साखर करतं, आणि ती हिलाही पोचते. तुम्ही जेवत नाही आहात. ती जेवतेच आहे."

आण्णांनी डोळे काढले. एका हातानं त्यांनी दुसऱ्या हाताचा दंड धरला. सदऱ्याच्या बाहीत तो हाताला लागेचना. मग अगदी हळू आवाजात, बायकोकडे न बघता ते म्हणाले, "मॅडम, आणखी एक विचारू का? त्या फोटोत डोक्यात बी पेटलेलं व्हतं. गळ्यापेक्षा जास्त. मला कुणी सांगितलं नाय, मी बी विचारलं नाय. म्हन्लं डोक्यात गेला असंल तर मंग कशाला..."

तेव्हा मला कळलं की हा माणूस एवढे दिवस साखरेला नाही, या एका गोष्टीला घाबरून होता. मॅडमनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी खुर्ची ओढून अगदी त्यांच्यासमोर बसत विचारलं, "हे तुम्ही एकट्यानं मनात ठेवलंत?" आण्णांनी मान हलवली. "अहो, ते डोकं आहे! ते सगळ्यांचंच पेटतं. माझा फोटो काढला तर माझंही पेटेल. विचार करायला साखर लागते, मेंदू दिवसभर साखरच खात असतो. नसतं पेटलं तर डॉक्टरांनी काळजी केली असती."

"एवढी साखर खाऊन बी असलं डोकं!" इंदूबाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

आमच्या लॅबमध्ये एक नियम होता, मॅडमनी घातलेला. दुपारी एकट्यानं कुणी जेवायचं नाही. काम कितीही असो, सगळ्यांनी मागच्या खोलीत सतरंजीवर गोल करून बसायचं. त्या दिवशी त्या गोलात आणखी दोघांची भर पडली. इंदूबाईंचा डबा उघडला. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, शेंगदाण्याची चटणी. आण्णांनी पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. इतके दिवस ज्याला विष मानलं ते तोंडात घालायचं होतं, आणि समजलं म्हणून भीती लगेच जाते असं थोडंच आहे. आम्ही सगळे उगाच दुसरीकडे बघत होतो. मॅडम त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "खाई ल्या, आण्णा," आणि त्यांनी घास तोंडात घातला. मग दुसरा. भाकरी संपल्यावर त्यांनी इंदूबाईंकडे बघितलं, तर त्यांचं ताट कोरडं. तेव्हा निघालं की नवऱ्यासमोर खाववत नाही म्हणून त्या बाईनंही जेवण सोडल्यातच जमा होतं. मॅडमनी स्वतःच्या डब्यातली पोळी त्यांच्या ताटात वाढली आणि ती संपेपर्यंत त्यांच्या पुढ्यातून हलल्या नाहीत.

ती दोघं गेल्यावर मॅडम मायक्रोस्कोपपाशी जाऊन बसल्या, पण डोळे लावले नाहीत. मग म्हणाल्या, "आयुष्यभर मी शेजार शेजार करत आले. पण काचेच्या बाहेर हीसुद्धा आहे, डबा घेऊन बसलेली, हे कधी बघितलं नाही गं." मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार माया दाटून आली होती.

केमो सुरू झाली. ती काही सोपी गेली नाही. आण्णांचे केस गेले, तोंड आलं, मधे एकदा तापानं ॲडमिट व्हावं लागलं. पण प्रत्येक खेपेला नाशिकला आले की दोघं आमचा जिना चढून येत. बाहेर पेशंट आला की ज्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्या आता वाट बघायला लागल्या. "कसे आहात" असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायच्या, "काय जेवलात?" आणि उत्तर येईपर्यंत पुढचा शब्द नाही. उत्तर द्यायच्या इंदूबाईच. तांदळाची पेज, मुगाचं कढण, उकडलेलं अंडं. आज अर्धी भाकरी, आज एक. वजन थांबलं, मग सावकाश चढायला लागलं. बागेचा मीटर आण्णांनी पुतण्याला देऊन टाकला आणि नवीन घेतला, हे कळल्यावर मी पुन्हा द्राक्षं खायला लागले. पावसाळा संपता संपता शेवटचा फोटो निघाला आणि मानेत, छातीत कुठेच उजेड नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता अधूनमधून दाखवत राहा, पण सध्या गाठ नाही.

मॅडम त्याच दिवाळीला काम थांबवणार होत्या. सटाण्याला भाऊ आहेत, तिथे जाऊन राहायचं ठरलं होतं. आता त्या तिथेच असतात, तिथल्या शाळेत पोरांना जुना मायक्रोस्कोप घेऊन डबक्यातलं पाणी दाखवतात आणि मला फोन करून कांद्याचे भाव सांगतात. मजेत आहेत. पण जाण्याआधीच्या त्या ऑक्टोबरमधली एक सकाळ सांगायलाच हवी.

आम्ही काचा लावून बसलो होतो. दारात इंदूबाई उभ्या राहिल्या. एकट्या. त्या आजवर एकट्या कधी आल्या नव्हत्या. तपासणीची तारीख नव्हती, फोन नव्हता, आणि त्यांचे डोळे रडून लाल झालेले. माझ्या हातातली काच तशीच राहिली. मॅडम उठल्या, पण पुढे जाईनात. एवढ्या वर्षांत वाईट बातमी कागदावर लिहून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या बाई, ती समोरून ऐकायची वेळ आली तर टेबल धरून उभ्या राहिल्या.

"आण्णा?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बागंत हायत. छाटणी चाललीय," इंदूबाई म्हणाल्या. आणि मग धबधबा फुटल्यासारख्या बोलायला लागल्या. "सकाळी भांडले माझ्याशी. चहा पुढं केला तर एक घोट घेतला आन कप सरकवून दिला. म्हन्ले, ह्यात साखर हाय का? का पाणीच पाजायचंय मला आता? एवढं तणतण करत व्हते, सगळी गल्ली गोळा झाली. मी आपली घाबरून कमीच घालत व्हते ना इतके दिवस. मंग दुसरा केला, दोन चमचे घालून. उभ्या उभ्या पिऊन टाकला आन गेले बागंत, माझ्याशी न बोलता." त्यांनी डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून येत होते. "संक्रांतीपासून या माणसानं गोड मागितलं नव्हतं, मॅडम. कुणाला सांगू? सगळे हसले असते. म्हणून पहिल्या गाडीनं तुमच्याकडं आले."

मॅडमनी टेबल सोडलं. पुढे होऊन त्यांनी इंदूबाईंना दोन्ही हातांनी जवळ घेतलं, आणि त्या दोघींतलं नेमकं कोण जास्त रडत होतं ते मला कळेना.

"भांडू दे व माय," त्या म्हणत होत्या. "रोज भांडू दे."